हाती लागला असता, तरी ओळखला कसा असता?

गेल्या अंकात जुन्या तपासपद्धतींवर लिहिताना १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या जॅक द रिपरचा उल्लेख एकाच ओळीत झाला होता. त्या ओळीवर बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : दहा आठवड्यांत पाच बायकांचे खून, तेही सुमारे एका मैलाच्या टापूत. म्हणजे दादर स्टेशन ते सिद्धिविनायक एवढंच अंतर. गल्लोगल्ली पोलीस असताना खुनी सापडला कसा नाही? पोलीस एवढे नालायक होते का?
– एक वाचक, परळ

उत्तर : नालायक नव्हते. काही चुका अक्षम्य होत्या, त्यांच्याकडे येऊच. आधी त्या काळी खुनी पकडला कसा जायचा ते पाहू. रस्ते तीन होते. तो मुद्देमालासकट जागेवर सापडायचा, कोणीतरी त्याचं नाव सांगायचं, किंवा मेलेल्याशी त्याचं नातं, भांडण, पैशाचा व्यवहार निघायचा. बहुतेक खून नवरा, शेजारी, भागीदार असल्यांच्या हातून होतात, त्यामुळे तिसरा रस्ता बहुतेक वेळा पुरायचा. इथे खुनी आणि बळी यांच्यात कसलाच धागा सापडला नाही. मेरी ॲन निकोल्स (३१ ऑगस्ट १८८८), ॲनी चॅपमन (८ सप्टेंबर), एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज (दोघी ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री), मेरी जेन केली (९ नोव्हेंबर) या गरीब बायका होत्या. रात्रीच्या खाटेचे चार पेनी जमवण्यासाठी अनोळखी पुरुषाबरोबर अंधारात जाणं त्यांतल्या बहुतेकींना भाग होतं. खुन्याला कोणाला ओढून न्यावं लागलं नाही. आडोसा बळीच शोधून देत होती.

वस्तीही तशीच. पोलिसांच्या तेव्हाच्या मोजणीप्रमाणे व्हाइटचॅपलमध्ये २३३ सार्वजनिक लॉजिंग हाउसेस होती आणि त्यांत रोज रात्री सुमारे ८,५०० माणसं झोपत. आज या खाटेवर, उद्या त्या. पहाटे चारला बाहेर पडणारा माणूस संशयित म्हणावा, तर बाजाराचे हमाल, गाडीवाले, खाटीक सगळे त्याच वेळी बाहेर पडत. कपड्यावर रक्त दिसलं तर आजूबाजूला कत्तलखाने होतेच.

आता पोलिसांनी काय केलं ते पाहा. मुख्य निरीक्षक डोनाल्ड स्वॉन्सन यांच्या १९ ऑक्टोबरच्या अहवालात आकडे आहेत. ८०,००० हस्तपत्रकं वाटली. लॉजिंग हाउसेसमधल्या २,००० हून अधिक माणसांची चौकशी केली. ७६ खाटकांच्या आणि कत्तलीच्या जागा तपासल्या. ३०० हून अधिक माणसांच्या हालचाली पडताळल्या आणि ८० जणांना ठाण्यावर आणून जबाब घेतले. आजही घरोघर तपास म्हणजे साधारण हेच करतात.

आमचं मत असं, की या ८० किंवा ३०० जणांत खुनी असण्याची शक्यता बरीच आहे. तो समोर बसला असेल, नाव-पत्ता सांगितला असेल, घरमालकिणीने 'हो, रात्री घरीच होते' म्हटलं असेल आणि त्याला सोडून दिलं असेल. सोडू नये, असं म्हणायला हातात काही नव्हतं. बाहीवरचा डाग माणसाच्या रक्ताचा की बकऱ्याच्या, हे सांगणारी भरवशाची चाचणी १९०१ मध्ये आली. रक्तगटांचा शोध त्याच सुमाराचा. डीएनएवरून ओळख पटवणं १९८४ नंतरचं. 'लेदर एप्रन' या टोपणनावाने बदनाम झालेल्या जॉन पायझरला १० सप्टेंबरला धरलं. तो सुटला तो नशिबाने. पहिल्या खुनाच्या रात्री गोदीत आग लागली होती, तिचा उजेड पाहत तो दूरच्या भागात एका पोलीस शिपायाशीच बोलत उभा होता. एरवी जमावाने त्याचं काय केलं असतं, सांगता येत नाही.

अक्षम्य चुका शवागारातल्या. निकोल्सचं प्रेत रस्त्यावर तपासणाऱ्या डॉक्टरांनी गळा पाहिला आणि प्रेत हलवायला सांगितलं. पोटावरचे वार शवागारात गेल्यावर निरीक्षक स्प्रॅटलिंग यांच्या नजरेला पडले. शवागार म्हणजे अनाथाश्रमवजा वर्कहाउसची एक शेड. तिथल्या दोन रहिवाशांनी कपडे उतरवून प्रेत धुऊन टाकलं. हात लावू नका असं बजावलं होतं, असं पोलीस म्हणतात. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही, असं धुणारे म्हणतात. इकडे रस्त्यावरचं रक्तही शेजारच्या मुलाने पाणी टाकून साफ केलं. एकदा झालं, समजू शकतो. आठ दिवसांनी चॅपमनचं प्रेत त्याच शेडमध्ये आलं आणि दोन परिचारिकांनी तेही डॉक्टर येण्याआधी धुतलं. डॉक्टर बॅगस्टर फिलिप्स चौकशीत यावर चिडले, ते रास्तच होतं. कपड्यांच्या घड्या, रक्ताच्या ओघळांची दिशा, चिकटलेले केस हे सगळं बादलीतून गटारात गेलं.

वरिष्ठांमधला गोंधळ थोडक्यात सांगतो. गुन्हे शाखेचे प्रमुख जेम्स मन्रो आयुक्त चार्ल्स वॉरन यांच्याशी न पटल्याने ऑगस्टमध्येच बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले रॉबर्ट अँडरसन नेमके चॅपमनच्या खुनाच्या सुमारास आजारपणाच्या रजेवर स्वित्झर्लंडला गेले, ते ऑक्टोबरमध्ये परतले. वॉरन यांनी नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला. याने तपासाची लाज गेली, पण खुनी त्यामुळे सुटला असं वाटत नाही. गल्लीत काम करणारे निरीक्षक फ्रेडरिक ॲबरलाइन तो भाग वर्षानुवर्षं ओळखून होते.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. रात्रपाळीची गस्त पुष्कळ घातली आहे. दर पंधरा मिनिटांनी शिपाई येणाऱ्या चौकात खून करून माणूस निघून कसा जातो?
– निवृत्त हवालदार, वरळी

उत्तर : दर पंधरा मिनिटांनी येतो म्हणूनच. तेव्हाची बीट ठरलेल्या वाटेची, ठरलेल्या चालीची. शिपाई वेळेवर दिसला नाही तर सार्जंट हजेरी घेई. बूट खिळ्यांचे, रात्रीच्या शांततेत लांबून वाजणारे, आणि हातात कंदील. अशी गस्त घरफोड्याला धाक घालते, कारण कुलूप तोडायला वेळ लागतो. पाच-सहा मिनिटांत काम उरकणाऱ्याला तीच गस्त घड्याळाचं काम करते.

मायटर स्क्वेअरची, म्हणजे एडोजचा खून झाला त्या चौकाची, रात्र मिनिटांत मांडू. एडोजला रात्री साडेआठला दारू पिऊन पडल्याबद्दल बिशप्सगेट ठाण्यात कोंडलं होतं. शुद्धीवर आल्यावर एकच्या सुमारास सोडलं. शिपाई एडवर्ड वॉटकिन्सची बीट १२ ते १४ मिनिटांची होती. १.३० ला तो चौकातून गेला, काही नव्हतं. १.३५ च्या सुमारास जोसेफ लॉवेंड आणि त्याच्या सोबत्यांना चौकाकडे जाणाऱ्या चर्च पॅसेजच्या तोंडाशी एक पुरुष आणि एक बाई दिसली. कपड्यांवरून ती एडोजच, असं लॉवेंडने नंतर सांगितलं. १.४१-१.४२ च्या आसपास दुसरा शिपाई जेम्स हार्वे त्याच पॅसेजने चौकाच्या कडेपर्यंत आला. त्याची बीट तिथे संपत होती, म्हणून तो आत न जाता फिरला. १.४४ ला वॉटकिन्स परत आला आणि कंदिलाच्या उजेडात प्रेत दिसलं.

हार्वे कडेला उभा होता तेव्हा खुनी बहुधा समोरच्या काळोख्या कोपऱ्यातच होता. चौकाला तीन वाटा. एकीकडून बुटांचा आवाज आला तर दोन मोकळ्या. चौकातल्या गोदामात रखवालदार जागा होता, दार किलकिलं होतं. तोही माजी पोलीस. चौकातल्याच एका घरात एक नोकरीतला शिपाई झोपलेला होता. कोणी काही ऐकलं नाही. आधी गळा दाबला आणि मग चिरला तर ओरडायला श्वास राहत नाही.

तुम्ही गस्त घातलेली आहे, तेव्हा उपाय तुम्हालाच आधी सुचला असेल : वेळा आणि वाट मोडायची, उलट्या दिशेने फिरायचं, साध्या वेशातले लोक कोपऱ्यात उभे करायचे. साध्या वेशातले लोक त्यांनी पुढे बरेच उतरवले. मग केलीचा खून बंद खोलीत झाला.

प्रश्न : भिंतीवरचा खडूचा मजकूर आयुक्तांनी स्वतः पुसायला लावला, असं वाचलं. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा नाही का? शिवाय दोन पोलीस दलांच्या हद्दीचा वाद काय होता?
– कायद्याची विद्यार्थिनी, चर्चगेट

उत्तर : हद्दीचा घोळ मुंबईकराला समजावून सांगायला नको. प्रेत रुळांच्या अलीकडे की पलीकडे, यावर रेल्वे पोलीस आणि शहर पोलीस यांच्यात काय होतं ते आपण ऐकत आलो आहोत. लंडनच्या मधोमध सिटी ऑफ लंडन हा छोटा भाग आणि त्याचं वेगळं पोलीस दल, बाकी शहर मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे. मायटर स्क्वेअर सिटीत. पण एडोजच्या एप्रनचा कापलेला, रक्ताने माखलेला तुकडा पहाटे २.५५ ला मिळाला गोल्स्टन स्ट्रीटवर, म्हणजे मेट्रोपॉलिटनच्या हद्दीत. शिपाई आल्फ्रेड लाँग २.२० ला तिथूनच गेला होता. तेव्हा तुकडा नव्हता, असं त्याने सांगितलं. तुकड्याच्या वर, दाराच्या चौकटीत खडूने एक ओळ होती. ज्यूंवर दोष येतो की ज्यू निर्दोष ठरतात हेही धड न कळणारी. 'ज्यू' शब्दाचं स्पेलिंगही विचित्र.

सिटीचे लोक म्हणाले, उजाडेपर्यंत थांबा, फोटो घेऊ. मेट्रोपॉलिटनचे अधीक्षक थॉमस अर्नोल्ड यांना दंगलीची धास्ती होती. तो रविवार, शेजारच्या पेटिकोट लेनचा बाजार भरणार, वस्ती ज्यूंची आणि पायझर प्रकरणापासून हवा तापलेली. वॉरन स्वतः आले आणि साडेपाचच्या सुमारास त्यांनी मजकूर पुसायला लावला. वरची ओळ तेवढी पुसा, असा मध्यम मार्ग सिटीच्या एका गुप्तहेराने सुचवला होता. तो मानला नाही. परिणाम असा, की दोन दलांच्या लोकांनी उतरवून घेतलेल्या नकला एकमेकींशी जुळत नाहीत. शब्दांचा क्रम वेगळा, स्पेलिंग वेगळं.

दंगलीची भीती खोटी नव्हती. पण चादर लावून दोन शिपाई उभे करता आले असते, हेही तितकंच खरं. मात्र त्या मजकुराला लोक देतात तेवढं मोल आम्ही देणार नाही. ज्या वस्तीत भिंती अशा रेघोट्यांनी भरलेल्या असतात, तिथे ती ओळ खुन्याचीच कशावरून? खरा पुरावा खाली पडलेला कापडाचा तुकडा होता. त्यावरच्या ठिगळाची शिवण एडोजच्या अंगावरच्या एप्रनशी तंतोतंत जुळली. खुनी सिटीतून पुन्हा पूर्वेकडे, व्हाइटचॅपलमध्ये परतला, एवढं त्याने पक्कं केलं. एका रात्रीत दुसरा खून झाल्यावरही माणूस पळून न जाता घराच्या दिशेने जातो, तर घर तिथेच असणार. त्यानंतर घरोघर तपास त्याच टापूत झाला, तो योग्यच होता.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत दोन तरतुदी नेमक्या इथे लागू पडतात. कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, खबर नोंदवून घ्यायची, ज्याला आपण झिरो एफआयआर म्हणतो. कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्याने ही तरतूद टप्प्याटप्प्याने लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे, हे परीक्षेत लिहायला विसरू नका.

प्रश्न : डॉक्टरांच्या अंदाजाने तपास भरकटला, असं म्हणतात. मृत्यूची वेळ इतकी कशी चुकते?
– प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, मुलुंड

उत्तर : हे प्रकरण चॅपमनचं. प्रेत २९ हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात सकाळी सहाच्या सुमारास सापडलं. त्या घरात १७ माणसं राहत होती. डॉ. फिलिप्स साडेसहाला आले. शरीर थंड, आतड्यांखाली किंचित ऊब, हातपाय नुकते ताठू लागलेले. त्यांनी सांगितलं : मृत्यू होऊन किमान दोन तास झाले. म्हणजे साडेचारच्या आधी.

साक्षीदार काय म्हणतात? घरमालकिणीचा मुलगा पावणेपाचला त्याच पायरीवर बसून बुटाचं चामडं कापत होता. प्रेत नव्हतं. शेजारच्या अंगणात गेलेल्या माणसाने साडेपाचच्या आधी कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज ऐकला. एलिझाबेथ लाँग या बाईने साडेपाचला घरासमोर चॅपमनला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं. तिघं एकमेकांना दुजोरा देतात. पोलिसांनी मात्र डॉक्टरांचा शब्द वरचढ मानला आणि लाँगबाईंच्या साक्षीवरचा भरवसा कमी केला. खुन्याला पाहिलेली कदाचित तीच एक बाई.

चूक कुठे झाली ते तुम्हाला लगेच कळेल. अंदाज हाताच्या स्पर्शाने केला, थर्मामीटरने नाही. शरीर पहिल्या काही तासांत तासाला साधारण १ ते १.५ अंश फॅरनहाइट निवतं, हा ठोकताळा अखंड, कपडे घातलेल्या शरीराचा. इथे पोट उघडलेलं, बहुतेक रक्त गेलेलं, सप्टेंबरची गार पहाट. अशा वेळी त्वचा फार लवकर थंड लागते. फिलिप्स यांनी चौकशीत हे स्वतःच बोलून दाखवलं, पण मथळ्यात 'दोन तास'च राहिले. मुंबईत उलटी चूक होते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हवाच ३४-३५ अंश सेल्सिअस असेल तर शरीर निवतच नाही आणि ताठरपणा मात्र एक-दोन तासांतच सुरू होतो. थंड देशात त्याला तीन ते सहा तास लागतात. म्हणून जागेवरचं तापमान लिहिल्याशिवाय वेळेचा अंदाज लिहू नये.

प्रश्न : 'जॅक द रिपर' सहीचं पत्र खरं होतं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आमच्या मते नाही. २५ सप्टेंबर तारखेचं ते पत्र पोलिसांकडे न जाता सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे गेलं. वृत्तसंस्था म्हणजे काय आणि तिचा पत्ता काय, हे पत्रकाराला ठाऊक असतं. हे एका पत्रकाराचं काम आहे, असं वरिष्ठ अधिकारीही पुढे म्हणाले. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोलिसांनी पत्राची हुबेहूब छापील प्रत चौकाचौकात लावली. हस्ताक्षर कोणी ओळखेल, ही आशा. झालं असं, की शेकडो नकली पत्रं आली आणि प्रत्येकाची दखल घेण्यात माणसं गुंतली. खडूच्या ओळीपेक्षा ही चूक आम्ही मोठी धरतो.

प्रश्न : बोटांचे ठसे हिंदुस्थानात आधीच वापरात होते ना? मग लंडनने का घेतले नाहीत?
– शिक्षक, विलेपार्ले

उत्तर : होते, पण वेगळ्या कामासाठी. विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये बंगालमध्ये एका कंत्राटावर पंजाचा ठसा घेतला, पुढे माणूस करार नाकारू नये म्हणून ठसे घेत गेले. गुन्ह्याच्या जागेवरचे ठसे उपयोगी पडतील, हे हेन्री फोल्ड्स यांनी १८८० मध्ये 'नेचर'मधल्या पत्रात मांडलं. अडचण ठसा घेण्याची नव्हती, शोधण्याची होती. कपाटात दहा हजार पत्रिका असतील आणि वर्गवारी नसेल, तर हातातला ठसा कोणाशी जुळवणार? ती वर्गवारी कलकत्त्याला झाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांच्या नक्ष्यांवरून १,०२४ खणांची पद्धत बसवली. नाव मात्र साहेबांचं लागलं, एडवर्ड हेन्री यांचं. १८९७ मध्ये कलकत्त्यात कार्यालय सुरू झालं, स्कॉटलंड यार्डमध्ये १९०१ मध्ये. रिपरच्या तपासासाठी ते १३ वर्षं उशिरा आलं. आणि चार खून उघड्यावर, दगड-विटांवर. ठसे मिळण्याजोगी जागा एकच, केलीची खोली.

प्रश्न : शालीवरच्या डीएनएने खुनी कळला, अशी बातमी होती. तुम्ही ते का मानत नाही?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : २०१४ मध्ये पुस्तकातून आणि २०१९ मध्ये शोधनिबंधातून हा दावा झाला. शाल एडोजजवळ होती, याची तेव्हाच्या सामानाच्या यादीत नोंद नाही. शतकभर ती हातोहात फिरली, एडोजच्या वंशजांच्या सान्निध्यातही आली. तपासला तो मायटोकॉन्ड्रियल डीएनए. तो आईकडून येतो आणि हजारो माणसांत सारखा असू शकतो. तो एखाद्याला वगळायला उपयोगी आहे, नेमका माणूस ठरवायला नाही. मुद्देमालाची साखळी तुटलेली असेल तर कलिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळाही असा नमुना कोर्टात उभा करू शकणार नाही.

प्रश्न : आपल्याकडचा रामन राघव तर सापडला. मुंबई पोलीस जास्त हुशार म्हणायचे का?
– एक वाचक, मालाड

उत्तर : रामन राघवही पहिल्यांदा निसटलाच होता. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वेलगतच्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्यांवर हल्ले झाले. तेव्हा तो त्या भागात घुटमळताना सापडला, ठाण्यावर आणला गेला आणि पुरावा नाही म्हणून सोडला गेला. १९६८ मध्ये उत्तर उपनगरांत पुन्हा खून सुरू झाले. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला. ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी त्याला फोटो आणि वर्णनावरून रस्त्यात ओळखलं. कपड्यांवर रक्ताचे डाग होते. त्याचं नाव एक नव्हतं. सिंधी दळवाई हेही त्याचंच नाव, आणि ते बोटांच्या ठशांवरून पक्कं झालं. मग त्यानेच उपनगरांत फिरवून लपवलेली पहार आणि सुरा दाखवला.

फरक मोजा : फोटो, ठशांची नोंद, रक्ताची तपासणी, आणि आरोपीने दाखवलेल्या जागेवरून पंचांसमक्ष निघालेलं हत्यार. ॲबरलाइन यांच्याकडे यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं शक्य होतं. रामन राघवला १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. मानसिक आजारामुळे १९८७ मध्ये तिची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये तो पुण्यात ससूनमध्ये वारला.

प्रश्न : मुलाकडे लंडनला जाणार आहोत. त्या जागा पाहता येतात का?
– आजी-आजोबा, बोरिवली

उत्तर : व्हाइटचॅपल स्टेशनला उतरा. जवळचीच डरवर्ड स्ट्रीट म्हणजे तेव्हाची बक्स रो, निकोल्सच्या खुनाची जागा. तिथून पश्चिमेकडे हॅनबरी स्ट्रीट. २९ क्रमांकाचं घर पाडलं, तिथे जुन्या दारूभट्टीची इमारत आहे. डॉर्सेट स्ट्रीट आणि केलीची खोली आता उरलेली नाही. पुढे गोल्स्टन स्ट्रीट, मग ऑल्डगेटजवळ मायटर स्क्वेअर, बाजूला शाळा आणि ऑफिसं. स्ट्राइडचा खून झाला ती तेव्हाची बर्नर स्ट्रीट दक्षिणेला बाजूला राहते. पाय दुखत असतील तर ती सोडा. सावकाश चाललात तरी दीड तास पुरे. संध्याकाळी मात्र जाऊ नका, वाटाड्यांचे चार-चार घोळके एकाच कोपऱ्यात उभे असतात आणि कोणाचंच धड ऐकू येत नाही.